ओला ठोकळा

तोंडाला पाणी सुटत नाही, ही माझी तक्रार ऐकली की लोक आधी हसायचे. मग मी त्यांना म्हणायचो, एक कोरडा टोस्ट घ्या आणि थुंकी न वापरता खाऊन दाखवा. तेव्हा हसणं थांबायचं. काही जण तर खरोखरच प्रयत्न करायचे आणि मग माझ्याकडे जरा आदरानं बघू लागायचे.

हे सगळं मी बोलून सांगितलं असतं तर जास्त रंगलं असतं. पण ते आता होणे नाही. का, ते ओघात येईलच.

माझ्या घशात गाठ निघाली होती. किरण देऊन ती जाळली. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, आणि ती गेलीच होती. पण किरणांना शेजारपाजार कळत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. माझ्या बाबतीत नेमकं ओलंच जळलं. गालात लाळेच्या ग्रंथी असतात, त्या आटल्या. सकाळी उठावं तर जीभ टाळूला अशी चिकटलेली, की ती पाकिटावरच्या तिकिटासारखी सोडवून घ्यावी लागे. पाण्याची बाटली हातात घेऊनच मी घरभर फिरायचो. एका जागी बसवत नसे. बसलं की जीभ हलायला लागायची, खालच्या दातांवरून फिरायची, उजवीकडच्या पडलेल्या दाढेच्या खळग्यात जाऊन यायची, आणि तिच्यामागोमाग मी खोलीत फेऱ्या घालायचो.

मी जन्मभर लिलाव पुकारले. जुनी कपाटं, घड्याळं, बंद पडलेल्या नाटक कंपनीचे पडदे, एकदा तर सर्कशीचा अख्खा तंबू. या धंद्यात माणसाची दोन हत्यारं: एक आवाज, आणि दुसरी प्रत्येक वस्तू उलटी करून, ठोकून, बुडाला बोट लावून बघायची सवय. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कितीतरी झपाटलेले आरसे मी विकले. एकही परत आला नाही.

बायको म्हणाली, "आयुष्यभर इतकं बोललात, कोटा संपला असेल."

पण ती हे बोलली तेव्हा तिचा हात खुर्चीच्या हातावर उगाच टिकटिक करत होता. तिला काचबिंदू आहे. आता तिला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, बाकी काही नाही. कित्येक वर्षं दुपारची झोप झाली की मी तिला पुस्तक वाचून दाखवायचो. एका दीपगृहाच्या रखवालदाराची जाडजूड कादंबरी आम्ही धरली होती आणि गोष्ट नुकती कुठे रंगात आली होती. आता एका पानाच्या आतच माझा आवाज फाटायचा. शब्द ओठांना चिकटायचे. मग मी हळूच ओळी गाळायला लागलो.

"गाळलंत," ती म्हणायची.

"नाही गं."

"रखवालदार जिन्याच्या तळाशी होता, तो एकदम दिव्यापाशी कसा पोचला? उडत गेला?"

मग मी मागे जाऊन ती ओळ वाचायचो, खोकायचो, पाणी प्यायचो, आणि ती म्हणायची, "राहू दे. उद्या." हे 'राहू दे' मला त्या गाठीपेक्षा जास्त झोंबायचं. दिवसाकाठी तिला एवढी एकच गोष्ट मी द्यायचो. बाकी वेळ ती नुसती खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची.

म्हणून, नव्या उपचाराच्या चाचणीसाठी माणसं हवी आहेत असं कळलं तेव्हा मी लगेच होकार दिला. बोली पुकारतानाही मी लोकांना विचार करायला फार वेळ देत नसे. तो नियम या वेळी स्वतःला लावला.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या शेवटी ती खोली होती. बाहेर एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांची रांग. एक जण उठला की सगळे हलायचे. आत सोनोग्राफीचं यंत्र, एक पलंग, हात धुवायचं बेसिन आणि दोन माणसं. एक डॉक्टरीणबाई, तरुण, चष्मा केसांत खोचून मग तोच शोधणाऱ्या. दुसरा यंत्र चालवणारा तंत्रज्ञ. त्याच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत. बाई त्याला टापटीप म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्याची हरकत नव्हती. नाव त्याच्या मापाचंच होतं.

"काका, तुमच्या ग्रंथीतल्या सगळ्याच पेशी मेलेल्या नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही जिवंत आहेत, पण त्यांना पाणी बाहेर सोडायला नळ नाही. तो नळ कसा बनवायचा याची कृती, म्हणजे जनुक, आम्ही आत पाठवणार."

"कसं? टपालानं?"

"बुडबुड्यांबरोबर." त्यांनी समजावून सांगितलं. गालाच्या आतल्या बाजूला लाळ बाहेर येण्याचं इवलंसं तोंड असतं. त्यातून बारीक नळी घालायची आणि औषध उलटं आत सोडायचं. औषधात ती कृती, आणि डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे. बाहेरून गालावर सोनोग्राफीचा दांडा ठेवायचा. ऐकू न येणाऱ्या आवाजानं बुडबुडे थरथरतात, फुटतात, आणि त्या धक्क्यानं आजूबाजूच्या पेशींच्या आवरणाला क्षणभर भोकं पडतात. भोकं बुजायच्या आत कृती आत शिरते.

"ही तर घरफोडी झाली," मी म्हणालो.

"चोर घेऊन जातात, काका. आम्ही ठेवून येतो."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पहिल्या खेपेला मी लवकरच जाऊन बसलो होतो, त्यामुळे टापटीपची सकाळची यंत्रतपासणी बघायला मिळाली. एका झाकणाच्या डब्यातून त्यानं साबणाच्या मोठ्या वडीएवढा पिवळसर, लिबलिबीत ठोकळा काढला आणि त्यावर दांडा टेकवला. ठोकळा जेलीचा होता. आत नायलॉनचे धागे एकाखाली एक, अगदी सरळ रेषेत ताणलेले. पडद्यावर ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसले. ठिपके सरळ रेषेत दिसले की यंत्र खरं बोलतंय असं समजायचं.

"आमचा सगळ्यांत शहाणा पेशंट," टापटीप म्हणाला. "हलत नाही, बोलत नाही, कधी बरं वाटतंय का म्हणून विचारावं लागत नाही."

"माझ्या बायकोला हेच हवं होतं लग्नाच्या वेळी," मी म्हणालो.

मग माझी पाळी. नळी आत गेली. गालावर गार चिकट जेल आणि वर दांडा. "आता हलायचं नाही, बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. गालाच्या आत सोडा उकळावा तसं चुरचुरायला लागलं. पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. पाय हलवता येईना, जीभ हलवता येईना. मग वेळ काढायला मी मनातल्या मनात कादंबरीचं पान वाचू लागलो, बायकोचं राहिलेलं पान. रखवालदार जिना चढतोय, कठडा ओला आहे. पाठ नव्हतं, पण जमेल तसं, आवाजांसकट.

नळी काढली तेव्हा थोडं औषध माझ्या तोंडातल्या उरल्यासुरल्या ओलाव्याला सोबत घेऊन उलटं बाहेर आलं. टापटीपनं ते सिरिंजमध्ये ओढून घेतलं. नियमाप्रमाणे ते कचऱ्याच्या लाल पिशवीत जायचं होतं. पण टापटीपच्या जिवाला वाया घालवणं सहन होत नसे. ठोकळ्यात एक पोकळ वाट होती, रक्तवाहिनीची नक्कल म्हणून ठेवलेली. त्यानं ते औषध त्या वाटेत सोडलं, वर दांडा धरला आणि पडद्याकडे बघितलं.

"काय करतोयस?"

"बुडबुडे नीट फुटले का बघतो. तुमच्यासाठीच हो, काका. पुढच्या वेळी जोर किती लावायचा ते कळतं."

बाई चष्मा शोधत होत्या. पुढच्या प्रत्येक खेपेला त्यानं हेच केलं.

काही दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी आलं.

सकाळी उठलो तर जीभ मोकळी. उशीवर लहान मुलासारखा ओला डाग. मी तो बायकोचा हात धरून तिला दाखवला. अशा गोष्टीचा अभिमान वाटावा असं वय माणसाला दोनदाच येतं. त्या दुपारी मी रखवालदाराला जिन्याच्या प्रत्येक पायरीवरून नेलं. बायको नुसती खुर्चीच्या हातावर चापट मारून 'पुढे' म्हणाली.

पण ते पाणी लहरी होतं. कधी यायचं, कधी नाहीसं व्हायचं. आणि रोज सकाळी, मी घरात दात घासत असताना, तोंडात एकदम कडवट तिखट चव पसरायची. इंजेक्शन देण्याआधी कापसाला लावतात त्या स्पिरिटची. चूळ भरली तरी जात नसे. पाठोपाठ गालावरून कोणीतरी फडकं फिरवतंय असं वाटायचं, आणि पाणी आटायचं.

पुढच्या खेपेला मी हे सांगितलं. बाई म्हणाल्या, किरणांनंतर चवीच्या नसा असे खेळ करतात. लिहून घेतलं. टापटीप मात्र पेन्सिली लावत होता तो थांबला.

बाई बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "काका, सकाळी कधी होतं हे?"

"तू काय करत असतोस सकाळी?"

"ठोकळा पुसतो." त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "स्पिरिटनं. आधी नुसतं फडकं मारलं तरी चालायचं. पण आता तो ओला असतो."

त्यानं डबा उघडला. झाकणाला आतून थेंब लटकत होते. डब्याच्या तळाशी पातळ, किंचित फेसाळ पाणी साचलं होतं. मी सवयीनं बोट लावलं. बुळबुळीत होतं. बोट वर उचललं तशी एक बारीक तार ताणली गेली, लांब झाली आणि तुटली. हे पाणी कसलं ते ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"जेलीला घाम येतो कधीकधी," टापटीप म्हणाला. मी काहीच विचारलं नव्हतं.

लाळ मोजताना जिभेवर लिंबाच्या आंबट द्रावणाचे थेंब टाकतात. ती बाटली बेसिनजवळच होती. माझ्यातला खोडसाळपणा किरणांनी जळला नव्हता. मी म्हणालो, "मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तुला वाटेल तेव्हा ठोकळ्यावर एक थेंब टाक. सांगू नकोस."

"काका, काहीतरीच काय."

"मग टाकायला काय हरकत आहे?"

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. ते बघत असतानाच माझ्या कानाखालच्या सांध्यात अशी कळ आली, की डोळे मिटले. आंबट. दात आंबले. आणि तोंड? तोंड खडखडीत कोरडं. मी वळलो तेव्हा टापटीपच्या हातात बाटली तशीच तिरकी होती आणि ठोकळ्याच्या कडेवरून पाणी टेबलावर गळत होतं, पेन्सिलींच्या दिशेनं. टापटीपनं पेन्सिली हलवल्या नाहीत. त्यावरून तो किती घाबरला होता ते मला कळलं.

डॉक्टरीणबाईंना आम्ही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ठोकळा उचलून बघितला, परत ठेवला.

"काका, जनुक आत जायला पेशी लागते. यात पेशीच नाही. जेली आहे ही. भोक पाडायला आधी भिंत तर हवी?"

"मग हे पाणी?"

"खोलीत दमट आहे. ठोकळा जुना झालाय. नवीन मागवते." त्यांनी ठोकळ्यावर दांडा टेकवला, सवयीनं, आणि पडद्याकडे बघून कपाळाला आठी घातली. "हे बघा, धागेसुद्धा सैल पडलेत."

पडद्यावरचे ठिपके सरळ रेषेत नव्हते. त्यांची कमान झाली होती. घोड्याच्या नालासारखी, सुबक. उजव्या बाजूला, टोकापासून जरा अलीकडे, एका ठिपक्याची जागा रिकामी होती.

माझी जीभ आपोआप दाढेच्या खळग्यात गेली.

टापटीपनं यंत्राची आवाजाची कळ दाबली. रक्त कसं वाहतंय ते ऐकायची ती सोय. ठोकळ्यात वाहणारं काही नव्हतं, तेव्हा शांतता हवी होती. स्पीकरमधून सूं-सूं असा आवाज आला. चढला, उतरला, थांबला, पुन्हा चढला.

"पंखा असेल," बाई म्हणाल्या आणि कळ बंद केली.

पंखा नव्हता. मोठ्यानं वाचणारा माणूस वाक्याच्या शेवटी श्वास घेतो, तसं ते थांबत होतं.

त्यानंतर यंत्राच्या दुरुस्तीसाठी ती खोली काही दिवस बंद राहिली. टापटीपनं जाताना डब्याचं झाकण उघडं ठेवलं. ठोकळा वाळेल आणि भानगड मिटेल असा त्याचा सरळ हिशेब. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पहिल्या दिवशी ओठांना चिरा पडल्या. मग जीभ इतकी जड झाली की ती माझी वाटेना. पाणी प्यायलो तरी ते तोंडातून नुसतं जायचं, कोरड्या दगडावरून जातं तसं. मी या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून खाली, रस्त्याच्या टोकापर्यंत, परत. घरात पुस्तक मिटलेलं. बायको पावलांच्या आवाजाबरोबर मान वळवत होती.

"बसा की जरा," ती म्हणाली. "वाचू नका. नुसते बसा."

मला 'हो' म्हणता आलं नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि या वेळी 'उद्या' म्हणाली नाही.

खोली उघडली त्या सकाळी मी कॉरिडॉरमध्ये हजर होतो. नवा ठोकळा आला होता, कोरा, शहाणा. जुना वाळून कडांना वळला होता आणि कचऱ्याच्या पिशवीत होता. संध्याकाळी तो भट्टीत जाणार होता. भट्टी म्हटल्यावर माझ्या घशात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

मी कागदावर लिहून टापटीपला दाखवलं: मला दे.

त्यानं दाराकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "काका, न्या बाबा. न्या. पण मला विचारू नका आणि मला सांगू नका." त्यानं तो दोन पिशव्यांत घालून, गाठ मारून, गाठीचे कान सारखे करून दिला.

घरी आल्यावर मी तो काचेच्या वाडग्यात ठेवला, वर पाणी शिंपडलं आणि वाचायच्या खोलीतल्या फळीवर, पुस्तकांच्या मागे सरकवला. जेवणं होईपर्यंत माझी जीभ सुटली होती. दुपारी मी बायकोला अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. वादळ झालं, दिवा विझला, रखवालदारानं तो पुन्हा पेटवला. माझा आवाज थरथरला नाही. बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिच्या डोळ्यांना आता तेवढंच एक काम उरलं होतं.

लिलावात एखादा सौदा फार स्वस्तात पडला, तर माल पुन्हा उलटून बघावा. मला हे ठाऊक होतं. मी बघितलं नाही.

काही दिवस फार छान गेले. रोज सकाळी मी वाडग्यात पाणी घालायचो. ठोकळा भिजून पुन्हा भरला होता, आधीपेक्षा जरा मोठाच. वरचा भाग गुलाबीसर दिसायचा. खिडकीतल्या उन्हाचा रंग असेल म्हणून मी पुस्तकं पुढे ओढायचो.

मग एकदा बायको म्हणाली, "वाचताना तुम्ही भिंतीजवळ बसता का हल्ली? आवाज दोनदा येतो."

मी खुर्ची हलवली.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "आता एकदाच येतो. पण तुमच्याकडून नाही."

"माझ्याकडून नाही तर कुणाकडून? शेजाऱ्याकडून?"

"तसं नाही हो." ती हसली. "काल तर तुम्ही कमाल केलीत. एक ओळ गाळली नाहीत. त्या म्हाताऱ्या कोळिणीचा आवाज किती हुबेहूब काढलात!"

काल दुपारी मी बाजारात गेलो होतो.

मी पुस्तक उघडलं. खूण होती तिथेच होती. म्हातारी कोळीण अजून गोष्टीत आलीच नव्हती. मी पानं उलटत गेलो. ती पुढच्या प्रकरणात होती.

त्या रात्री मी ठरवलं, उद्या इस्पितळात शेवटची तपासणी आहे. येताना हा वाडगा कुठेतरी रिकामा करायचा. मग वाटलं, आणि वाचन? बायको झोपेत हसत होती.

सकाळी निघताना मी पुस्तक सोबत घेतलं, पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी. कोळिणीपर्यंतचं वाचून ठेवावं म्हणून. आणि, खरं सांगायचं तर, ते घरात राहू नये म्हणूनही.

कॉरिडॉरमधल्या खुर्चीत वाचत असतानाच माझे ओठ चिकटू लागले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात कप दिला. "थुंका काका, जमेल तेवढं."

मी बराच वेळ प्रयत्न केला. त्यांनी लिंबाचे थेंब टाकले. चव आली नाही. आंबट नाही, काहीच नाही. कप कोरडा राहिला.

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं चाललं होतं." त्यांनी चष्मा केसांतून काढला आणि पुसला. टापटीप माझ्याकडे न बघता नव्या ठोकळ्यावर दांडा धरून उभा होता. ठिपके सरळ रेषेत होते.

मी घरी चालत आलो. भर दुपार होती. घशातून आवाज काढून बघितला. वाळूवर पाऊल घासावं तसं काहीतरी निघालं.

जिन्यातच ऐकू आलं.

कोणीतरी वाचत होतं. मोकळा, ओला, भरलेला आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तो आवाज मी ओळखला, पण ओळखायला वेळ लागला, कारण तो किरणांच्या आधीचा होता.

दार नुसतं लोटलेलं होतं.

बायको खुर्चीत बसली होती. खिडकीकडे पाठ करून, फळीकडे तोंड करून. चेहरा उजळलेला. फळीच्या कडेवरून खाली पाण्याची एक बारीक धार जमिनीवर येत होती आणि तिच्या पावलांपाशी थांबत होती.

मी एक पाऊल आत टाकलं. पिशवी दाराला लागली.

वाचन थांबलं.

"कोण?" बायकोनं मान वळवली. अगदी माझ्या दिशेनं.

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. सुटली नाही.

"अहो," ती फळीकडे वळून म्हणाली, "दारात कोणीतरी आहे. बघता का?"

फक्त थेंब पडत होते.

"कोणी नाही गं," माझा आवाज म्हणाला. "ऐक पुढे."

तिनं खुर्चीच्या हातावर हलकेच चापट मारली आणि मान मागे टेकली.

मग पान उलटल्याचा आवाज आला.

पुस्तक माझ्या पिशवीत होतं.